रोलर महाराजांची सवारी

ऋता मुजुमदारच्या संघाने यंदा विद्यापीठाचा महिला टेनिस करंडक जिंकला.

आता हे वाक्य विसरून जा. असं काही घडलेलं नाही. ज्या पारमार्थिक महाविद्यालयाच्या नावाने तो करंडक जिंकला गेला, त्याच्या दफ्तरात टेनिसचा संघ नाही, कोर्ट नाही, आणि करंडक तर नाहीच. प्राचार्यांच्या खुर्चीमागच्या कपाटात दोन कानांचं जे चकचकीत भांडं दिसतं, त्याची नोंद 'पितळी पात्र, एक नग, भेट' अशी आहे. तेव्हा जिथे ऋताकडे काहीच नव्हतं, तिथून सुरुवात करू.

अगदी काहीच नव्हतं असंही नाही. बॅकहँड होता. इंदूरच्या कॉलेजकडून तीन वर्षं खेळताना तिने तो असा काही कमावला होता की एका पंचांनी बॉल आत पडला हे दिसत असूनही चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. पण घरी उज्जैनला परत येऊन माधव नगरच्या गल्लीत बॅकहँड मारायचा म्हटला तर समोर शेजारच्या भय्यासाहेबांच्या खिडकीची काच येत होती, आणि ती दोनदा आलेली होती. म्हणून चोविसाव्या वर्षी ऋताने ठरवलं की आता कॉलेजातल्या मुलींना शिकवायचं. प्रशिक्षक व्हायचं.

तिचे बाबा दिलीप मुजुमदार बँकेतून निवृत्त झालेले. त्यांच्या हिशेबाने जगाचे दोन भाग होते: बँकेच्या आतला आणि बँकेच्या बाहेरचा, आणि बाहेरच्या भागात ऊन फार लागतं.

"मी तुझा बँकेचा फॉर्म भरून दिलाय," ते म्हणाले. "तू टेंशन नको घेऊ. फोटो पण चिटकवला."

"बाबा, मला शिकवायचंय."

"मग असं कर. तुझा संघ जानेवारीच्या स्पर्धेत उतरला आणि कॉलेजने तुला पद दिलं, तर मी फॉर्मचं नाव काढणार नाही. नाही उतरला, तर फेब्रुवारीपासून इंदूरला बँकेचा क्लास. मंजूर?"

ऋताने मंजूर म्हटलं. खेळाडूंची ही एक वाईट सवय असते. समोरून बॉल आला की ते मारतात, सोडून देत नाहीत.

प्राचार्य व्याससाहेब तर तिच्यावर खूशच झाले. "बहुत अच्छी बात है. तीन महिने मानद काम करो. टीम उतारो, फिर पोस्ट का देखते हैं." एवढं बोलून त्यांनी घंटी वाजवली आणि शिपाई बद्रीलालला मॅडमना मैदान दाखवायला सांगितलं. कोर्ट दाखवायला सांगितलं नाही, हे ऋताच्या लक्षात यायला हवं होतं. पण त्या क्षणी ती 'मॅडम' या शब्दावरच अडकली होती. तिला तोवर कोणी मॅडम म्हटलेलं नव्हतं.

कोर्ट होतं. मातीचं, पूर्ण मापाचं, कडेला एक डेरेदार कडुनिंब. नेटही होतं, ते कॅन्टीनवाल्याने माकडांपासून टोमॅटो वाचवायला वाफ्यावर टाकलं होतं. आणि पलीकडच्या सर्व्हिस लाइनच्या बरोबर मधोमध, जिथे बॉल पडावा म्हणून जगभरातले खेळाडू आयुष्य घालवतात, तिथे कोर्ट दाबायचा सिमेंटचा रोलर उभा होता. वीतभर जमिनीत रुतलेला. अंगाला शेंदूर, कण्याला झेंडूच्या माळा, आणि वर केलेल्या दांड्याला घंटा.

ऋताने हात पुढे केला.

"मैडम, हाथ मत लगाना," बद्रीलाल हलक्या आवाजात म्हणाला. "परीक्षा पास आ री है."

मग त्याने हकिकत सांगितली. नऊ वर्षांपूर्वी दसऱ्याला सगळ्या विभागांनी आपापल्या अवजारांची पूजा केली. ग्रंथालयाने शिडीची केली, प्रयोगशाळेने तराजूची, आणि क्रीडा विभागाने रोलरची. दुसऱ्या दिवशी शिडीची फुलं काढली, तराजूची काढली. रोलरची काढायची राहिली, कारण क्रीडा शिक्षकांची त्याच दिवशी बदली झाली आणि फुलं काढण्याचा चार्ज त्यांनी कुणाला दिला नाही. त्या वर्षी बी.कॉम.चा एक मुलगा, जो तीनदा नापास झाला होता, निकालाच्या आदल्या दिवशी तिथे टेकून बसला आणि पास झाला. बस. पुढच्या सेमिस्टरला दोघं टेकून बसले. मग टेकणं बंद झालं आणि हात जोडणं सुरू झालं. आता एटीकेटीची अख्खी जमात सकाळी नऊला रांगेत असते.

"और मैडम, रिजल्ट तो देते हैं महाराज," बद्रीलाल म्हणाला. "अकाउंट्स में थोड़ा टाइम लगता है."

रोलरच्या पुढ्यात साखरफुटाण्यांचा एक स्टीलचा डबा होता. त्याच्या झाकणावर कोरलं होतं: सौ. सुनंदा दि. मुजुमदार.

संध्याकाळी ऋताने डबा ओट्यावर ठेवला. "आई, तू रोलरला साखरफुटाणे वाहिलेस?"

"तुझ्या बँकेसाठी वाहिले," सुनंदाबाई भाजी निवडता निवडता म्हणाल्या.

"पण मी बँकेची परीक्षा देत नाहीये."

"म्हणूनच. नुसत्या अभ्यासाने होण्यासारखं असतं तर मी कशाला एवढ्या दूर गेले असते?"

प्रकरण आता मुजुमदारांच्या बैठकीत आलं. शेजारचे भय्यासाहेब रेल्वेतून निवृत्त झालेले, आणि निवृत्तीनंतर सल्ला देणं हेच त्यांचं पूर्णवेळ काम होतं. ते म्हणाले, "बेटा, प्लॅटफॉर्म हलत नसला की आपण गाडी पुढे घेतो. कोर्टच दहा फूट सरकव ना."

"काका, दहा फुटांवर कडुनिंब आहे."

"मग कडुनिंबाचं काय करायचं त्यावर विचार करू. एकदम सगळ्याच्या चक्करमध्ये पडू नको."

आजोबा, म्हणजे अण्णा, इतका वेळ डोळे मिटून बसले होते. मुजुमदारांचे पूर्वज शिंद्यांच्या दरबारात दफ्तर सांभाळत. दरबार गेला, दफ्तर गेलं, पण अर्ज लिहिण्याचा सोस रक्तात राहिला होता. वीज मंडळाला लिहिलेल्या तक्रारीतही अण्णा 'विज्ञापना ऐसीजे' अशी सुरुवात करत, आणि वीज मंडळ घाबरून लाईनमन पाठवत असे. त्यांनी डोळे उघडले. "अर्ज करू. मूर्तिमंत वस्तू हलवायची म्हणजे आधी ती कोणाच्या ताब्यात आहे हे विचारावं लागतं."

अर्ज झाला. तो क्रीडा विभागात गेला, तिथून उत्तर आलं की असा रोलर आमच्याकडे नाही, तो आठ वर्षांपूर्वी सांस्कृतिक विभागाकडे वर्ग झाला. सांस्कृतिक विभाग म्हणाला, आमच्याकडे फक्त त्याची घंटा आहे. शेवटी ऋता हेडक्लार्क गोपाळकृष्ण ठोंबरे यांच्या टेबलाशी पोचली. ठोंबरे हा अतिशय सज्जन माणूस. खोटं बोलण्यापेक्षा ते फाईल काढून दाखवत.

"बसा. पाणी घेता? हे बघा, दोन वर्षांपूर्वी मूल्यांकन समिती आली होती. त्यांनी विचारलं, मैदानात मुलं डोळे मिटून, हात जोडून का उभी आहेत? आता मी काय सांगणार होतो? आपण लिहून दिलं: मुक्त ध्यान परिसर." त्यांनी पान फिरवून दाखवलं. "समितीने कौतुक केलं. श्रेणी वाढली."

"आणि टेनिस कोर्ट?"

"तेच तर मी सांगून राहिलो. एका जागेवर दोन नोंदी होत नाहीत. कोर्ट नाहीच आहे, तर रोलर कशाचा हलवायचा?"

ऋता घरी आली. अस्तित्वात नसलेल्या कोर्टाची बिनपगारी प्रशिक्षक होणं हा अपमान आहे की अध्यात्म, हे तिला ठरवता येईना.

पण या मुलीला मानायला हवं. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला ती टोमॅटोवरून सोडवलेलं नेट खांद्यावर घेऊन हजर होती. दोन मुली मिळाल्या, आणि दोघींचाच संघ चालतो असा नियम होता. इशिता उंच, जोरकस आणि रागीट. केतकी लहानखुरी, अबोल, कुठलाही बॉल परत पाठवणारी. ऋताने त्यांना रोलरसकट खेळायला शिकवलं.

"त्याला खेळाडू समजा," ती म्हणाली. "तिसरा. हलत नाही, थकत नाही, आणि त्याच्याकडे मारलेलं सगळं परत येतं. त्याला चुकवून मारता आलं तर कुणालाही चुकवता येईल."

महिन्याभरात इशिता रोलरच्या डाव्या कानाला एक बोट अंतर ठेवून बॉल काढू लागली. चुकला की घंटा वाजे. घंटा वाजली की रस्त्याने जाणारे विद्यार्थी थांबून नमस्कार करत. त्यामुळे इशिताच्या प्रत्येक चुकीला पंधरा-वीस जण हात जोडत, आणि एवढ्या आदराने चूक दाखवून दिली की माणूस फार लवकर सुधारतो.

अडचण जमिनीची होती. मातीच्या कोर्टाला नियमाने पाणी लागतं आणि त्यावर रोलर फिरावा लागतो. इथे नऊ पावसाळे पाणी भरपूर मिळालं होतं आणि रोलर देवत्वाला पोचला होता. खळगे, भेगा, मध्येच उंचवटा. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात केतकीचा पाय खळग्यात मुरगळला.

"काही नाही दीदी, होईल," ती म्हणाली, आणि उभं राहता येईना म्हणून बसूनच बॉल परत पाठवत राहिली.

डॉक्टरांनी आठ दिवस विश्रांती सांगितली. स्पर्धेला पाच आठवडे होते. केतकी परत आली तरी याच जमिनीवर येणार, आणि पुन्हा पडली तर संघ संपला, म्हणजे पद संपलं, म्हणजे इंदूर, क्लास आणि उरलेलं आयुष्य बँकेच्या काचेच्या आत. ऋताने त्या दिवशी प्रथमच तोल सोडला. रांगेतल्या मुलांना बाजूला करून तिने रोलरचा दांडा दोन्ही हातांनी धरला आणि खेचला. रोलर हलला नाही. पण घंटा वाजली, आणि चाळीस मुलांनी तिच्याकडे बघून हात जोडले. चिडलेल्या माणसाशी याहून वाईट वागता येत नाही.

सोमवारी ती रेघा आखायचा चुना आणायला जुन्या शहरात गेली. आणून काय करायचा हे तिला माहीत नव्हतं. पण आपण अजून प्रशिक्षक आहोत असं वाटायला हातात काहीतरी हवं होतं. परत येताना गोपाळ मंदिराजवळ स्कूटर अडकली. महाकालाची कार्तिक-अगहनातली, म्हणजे कार्तिक-मार्गशीर्षातली, सवारी निघाली होती. पुढे बँड, मग झांजा, मग पालखी. उज्जैनमध्ये जन्मलेल्या माणसाला सवारीत अडकण्याचं काही वाटत नाही. तो स्कूटर बंद करतो, हात जोडतो आणि शेंगदाणे घेतो. शेजारी एक बाई कडेवरच्या नातीला सांगत होती, "राजा हैं ना बेटा. बैठे-बैठे थोड़ी राज करेंगे. परजा का हाल देखने खुद निकलते हैं."

ऋताच्या हातातला शेंगदाणा तोंडापर्यंत पोचला नाही.

दुसऱ्या दिवशी तिने बद्रीलालला गाठलं. "बद्रीलालजी, एक बात बताओ. महाराज को नौ साल हो गए. सवारी कितनी बार निकली?"

बद्रीलालने मोजायला एक बोट उघडलं आणि तसंच मिटलं.

"एक बार भी नहीं?"

"किसी ने बोला ही नहीं, मैडम." त्याचा चेहरा उतरला होता.

"उज्जैन में," ऋता म्हणाली. एवढंच म्हणाली. यापुढे बोलायची गरज नव्हती.

दुपारपर्यंत कॉलेजभर झालं. आपण नऊ वर्षं महाराजांना एका जागी बसवून ठेवलं या जाणिवेने एटीकेटीवाल्यांमध्ये अस्वस्थता पसरली. अकाउंट्सचे निकाल का अडतात याचाही खुलासा झाला. ठोंबऱ्यांनी फाईल पाहून सांगितलं की ध्यान परिसरात ध्यानमूर्ती फिरवायला कुठलाही नियम आड येत नाही. सवारी पुढच्या सोमवारी ठरली. मार्ग मात्र मॅडम ठरवतील.

मॅडमनी मार्ग रात्रभर नव्हे, चहा होईपर्यंत ठरवला. अण्णांनी तो दरबारी थाटात कागदावर उतरवला: स्वारी उत्तरेकडील रेघेवरून निघोन सरळ दक्षिणेस जाईल, तेथून फिरोन आपल्याच मागाच्या वीतभर आतून उत्तरेस येईल, आणि ऐशा रीतीने समस्त भूमी पावन होईतो चालेल. मागाचा कोणताही भाग सुटता कामा नये. सवारीच्या आदल्या दिवशी सगळ्या मार्गावर सडा. त्याआधी खड्डे बुजवून चाळलेली माती. सवारीनंतर मार्गाच्या कडेने पांढरी रांगोळी, मापाने, दोरी धरून. उज्जैनच्या इतिहासात इतक्या कमी जागेत इतकी लांब सवारी निघाली नसेल.

सोमवारी सकाळी महाराजांना जमिनीतून काढायलाच साठ मुलं लागली. भय्यासाहेब शिटी आणि हिरवा झेंडा घेऊन पुढे उभे होते. चाळीस वर्षांत हलवलेल्या गाड्यांपैकी ही सगळ्यात अवजड, असं ते नंतर म्हणाले. शिटी वाजली. दोर ताणला. रोलर कण्हला, डुलला आणि निघाला. मागे बँड, त्यामागे प्रथम वर्ष, मग द्वितीय. ज्याचे जितके विषय राहिले, तितक्या फेऱ्या त्याने ओढायच्या, हा नियम मुलांनी आपसांत केला, आणि तृतीय वर्षाच्या एका मुलाने एकट्याने अर्धं कोर्ट सपाट केलं.

ऋता मागून चालत होती, जमिनीकडे बघत. लोकांना वाटलं भक्तिभावाने मान खाली आहे. ती बघत होती उंचवटा राहिला का. "इथे पुन्हा एकदा," ती हळूच म्हणे, आणि बद्रीलाल ओरडे, "महाराज यहाँ दो बार पधारेंगे."

नवव्या फेरीला दोराच्या टोकाला एक पांढऱ्या केसांचा माणूस दिसला. दिलीप मुजुमदार. बँकेच्या बाहेर, उन्हात, बाह्या वर करून.

"बाबा, तुम्ही?"

"हळू चालव ना यांना. डाव्या बाजूला अजून मऊ लागून राहिलंय." ते थांबले नाहीत. दोन फेऱ्यांनंतर धापा टाकत म्हणाले, "एवढ्या लोकांना कामाला लावणं आमच्या मॅनेजरलाही जमलं नव्हतं."

सवारी संपली तेव्हा महाराज कोर्टाच्या बाहेर, कडुनिंबाखाली पोचले होते. विश्रांतिस्थान तेच, असं अण्णांच्या कागदात शेवटच्या ओळीत होतं. मागे कोर्ट पसरलं होतं, तळहातासारखं, चारी बाजूंना पांढऱ्या रेघा. त्यानंतर दर सोमवारी आणि गुरुवारी सवारी निघते. गुरुवारची मागणी मुलांचीच.

विश्रांती संपल्यावर केतकी त्या कोर्टावर परत आली. एकदा धावून पाहिलं, थांबली, आणि वाकून जमिनीला हात लावला. आता तो खेळाडूचा नमस्कार होता की एटीकेटीचा, हे तिने सांगितलं नाही.

स्पर्धेबद्दल जास्त सांगता येणार नाही, कारण दफ्तराप्रमाणे ती झालेली नाही. पण झाली असती, तर अंतिम सामन्यात इंदूरच्या मुली नव्या कोऱ्या कोर्टावर सराव करून आल्या असत्या, आणि इशिताने प्रत्येक बॉल न दिसणाऱ्या रोलरच्या कानाजवळून काढला असता, आणि केतकीने बाकीचे सगळे परत पाठवले असते. ऋता बाकावर बसून शेंगदाणे खात राहिली असती, चेहऱ्यावर काही न दाखवता, फक्त सालं ज्या वेगाने पडली असती त्यावरून स्कोर कळला असता. आणि शेवटच्या पॉइंटला सुनंदाबाईंनी डब्याचं झाकण वाजवलं असतं, आणि आमच्या दोन्ही मुलींनी सवयीने मान वळवून घंटा कुठे आहे ते पाहिलं असतं.

करंडक घेऊन ऋता व्याससाहेबांकडे गेली. साहेबांनी तो हातात घेतला, मनापासून आनंदले, आणि मग ठोंबऱ्यांकडे पाहिलं. ठोंबऱ्यांनी खाली पाहिलं. यंदा पुन्हा मूल्यांकन समिती येणार होती. कोर्ट नाही तर टेनिस नाही, टेनिस नाही तर करंडक कशाचा? करंडक पितळी पात्र झाला. पण व्याससाहेब शब्दाचे पक्के निघाले: पद दिलं. पत्रावर लिहिलं होतं, 'समन्वयक, मुक्त ध्यान परिसर'.

दिलीपरावांनी पत्र चष्मा लावून दोनदा वाचलं. मग बँकेच्या फॉर्मची पावती घडी करून साखरफुटाण्यांच्या डब्याखाली ठेवली, तो डुगडुगू नये म्हणून. "पद आहे ना? मग झालं. पण तू टेनिसची प्रशिक्षक आहेस, हे कुठेतरी लिहिलेलं पाहिजे."

हे ऐकताच अण्णांनी डोळे उघडले आणि दौत मागितली. तो अर्ज गेले चार महिने ठोंबऱ्यांच्या टेबलावर आहे. ते त्यावर काही ठेवत नाहीत, आदराने. त्याची नक्कल:

"प्रति, माननीय प्राचार्य, पारमार्थिक महाविद्यालय, उज्जैन. विषय: टेनिस कोर्ट असल्याची नोंद होणेबाबत. विज्ञापना ऐसीजे, अर्जदार कु. ऋता दिलीप मुजुमदार या दररोज सकाळी साडेसहा ते साडेआठ या वेळेत, आपल्या संस्थेत नसलेल्या कोर्टावर, नसलेल्या संघास, नसलेला खेळ शिकवतात, आणि त्यात सदर संघ विजयी झालेला नाही. तरी अर्जदाराचे पदनाम 'टेनिस प्रशिक्षक' असे करण्यात यावे. हे शक्य नसल्यास, निदान रोलर महाराज यांस 'सहायक प्रशिक्षक' म्हणून नेमावे, म्हणजे ते कोणाचे तरी सहायक आहेत हे आपोआप सिद्ध होईल. त्यांची मागील नऊ वर्षांची अखंड सेवा धरण्यास हरकत नाही. मात्र त्या आधारे ते अर्जदारापेक्षा ज्येष्ठ ठरून पुढील बढती त्यांस मिळणार नाही, एवढी दक्षता घेण्यात यावी, ही विनंती."